काटा आणि आकडा : मोटारीतील वेगमापकाच्या इतिहासाचा एक विचार

१

मोटारीच्या चालकापुढे जी दर्शके मांडलेली असतात त्यांत वेगमापकाइतके वारंवार वाचले जाणारे दुसरे दर्शक नाही. हे वाचन क्षणमात्राचे असते; परंतु तेवढ्या क्षणापुरती चालकाची दृष्टी रस्त्यावरून निघालेली असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. म्हणून वेग कोणत्या चिन्हाने दाखवावा हा प्रश्न केवळ शोभेचा अथवा सोयीचा राहत नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत त्याची दोन प्रमुख उत्तरे पुढे आली. पहिले, तबकडीवर फिरणारा काटा; दुसरे, वेगाचा प्रत्यक्ष आकडा. व्यवहारात आज पहिल्यास ॲनालॉग आणि दुसऱ्यास डिजिटल म्हणतात.

या दोहोंचा इतिहास बहुधा यंत्रविद्येच्या अंगाने सांगितला जातो, आणि नव्या साधनाने जुन्यास मागे सारले अशी त्याची मांडणी असते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे निराळे आहे. काटा आणि आकडा ही दोन भिन्न प्रश्नांना उत्तर देणारी दोन भिन्न जातींची चिन्हे आहेत. त्यांतील कोणाचा वरचष्मा केव्हा झाला, हे यंत्राच्या प्रगतीइतकेच, चालकाला त्या काळी कोणता प्रश्न विचारला जात होता यावर अवलंबून राहिले. भाषेच्या अभ्यासकाने या क्षेत्रात पाऊल टाकावे याचे समर्थन एवढेच की, वेगमापक हे वाचावयाचे साधन आहे, आणि जे वाचावयाचे ते चिन्हविचाराच्या कक्षेत येते.

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘डिजिटल’ या शब्दाच्या मुळाशी बोट या अर्थाचा लॅटिन शब्द ‘डिजिटस’ आहे. बोटांवर मोजण्याच्या क्रियेवरून तो संख्येकडे आला. ‘ॲनालॉग’ हा शब्द ग्रीक असून ‘प्रमाणाला धरून असलेले’ असा त्याचा मूळ भाव आहे. वेग दुप्पट झाला की काट्याचा कोनही दुप्पट होतो. मूळ वस्तू आणि तिचे चिन्ह यांच्यात प्रमाण टिकून राहते. आकड्याचे तसे नाही. ४० आणि ८० या लिखित चिन्हांकडे पाहून, संख्यालेखन न शिकलेल्या मनुष्यास दुसरे पहिल्याच्या दुप्पट आहे हे कळण्याचा कोणताच मार्ग नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स (१८३९–१९१४) याने चिन्हांचे जे तीन प्रकार सांगितले, त्यांपैकी सादृश्यावर उभे असलेले चिन्ह आणि प्रत्यक्ष कार्यकारणसंबंधाने जोडलेले चिन्ह हे दोन्ही प्रकार जुन्या काट्यात एकत्र नांदतात. आकडा मात्र रूढीने ठरलेला शुद्ध संकेत होय.

२

काट्याचा मोटारीतील जन्म विसाव्या शतकाच्या आरंभीचा. स्ट्रासबुर्ग येथील अभियंता ओटो शुल्झे याने १९०२ मध्ये ज्या वेगमापकाचे जर्मन पेटंट घेतले त्याचे तत्त्व पुढे सत्तर-ऐंशी वर्षे जवळजवळ अबाधित राहिले. गिअरपेटीपासून निघालेली एक लवचीक केबल चाकांच्या गतीच्या प्रमाणात फिरते व आपल्या टोकाशी असलेल्या चुंबकाला फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची एक वाटी बसविलेली असते. चुंबक तिला स्पर्श करीत नाही. परंतु त्याच्या फिरण्याने वाटीच्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाऊ लागते. केसासारखी बारीक कमान तिला मागे खेचते. या दोन ओढींचा जेथे तोल साधतो तेथे वाटी थांबते, आणि तिच्या अक्षावर बसविलेला काटा वेग दाखवितो. ही केबल तुटली की काटा शून्यावर पडून राही. कोरडी पडली की तो थरथरे. चिन्ह आणि चिन्हित यांचा संबंध येथे अक्षरशः तारेने बांधलेला होता.

हे साधन ज्या काळी आले त्या काळची कायद्याची स्थितीही लक्षात घेतली पाहिजे. ब्रिटनमध्ये १८६५ च्या कायद्याने स्वयंचलित गाड्यांना खुल्या रस्त्यावर ताशी ४ मैल व वस्तीत २ मैल अशी मर्यादा घातली होती. १८९६ मध्ये ती १४ मैलांपर्यंत आणि १९०३ मध्ये २० मैलांपर्यंत वाढविण्यात आली. मर्यादा आकड्यात सांगितलेली असली तरी तिचे उल्लंघन सिद्ध करण्याचे पोलिसांजवळील साधन म्हणजे मोजलेले अंतर आणि हातातील घड्याळ. रस्त्याच्या कडेला दडून बसणाऱ्या या पोलिसांपासून मोटारवाल्यांना सावध करण्याच्या हेतूने १९०५ मध्ये तेथे ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. नव्या मोटारींत वेगमापक सक्तीचा होण्यास तेथे १९३७ साल उजाडावे लागले. म्हणजे वेगाची मर्यादा आधी आली आणि ती पाळण्यासाठी लागणारे चिन्ह नंतर. मधल्या काळात चालक वेग ओळखी तो इंजिनाच्या आवाजावरून, वाऱ्याच्या झोतावरून आणि मागे सरणाऱ्या झाडांवरून. काट्याने हा अंदाज रद्द केला नाही. त्याला डोळ्यासमोर एक जागा दिली. काटा वर चढतो आहे, स्थिर आहे, की उतरतो आहे, हे शरीराला जाणवणाऱ्या गोष्टींशी जुळणारे दर्शन होते.

३

याच साधनाच्या पोटात आरंभापासून आकडाही होता, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. वेगाच्या तबकडीत एक लहान खिडकी असे आणि तिच्यात अंक कोरलेली चक्रे एकामागून एक सरकत; मोटारीने एकूण किती अंतर कापले ते त्यांवरून कळे. ॲनालॉग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वेगमापकात अंतराचे दर्शन असे अंकीयच होते. यामागील विवेक स्पष्ट आहे. एकूण अंतर हे साठत जाणारे परिमाण आहे. तेलबदलीच्या वा विक्रीच्या वेळी त्याचा नेमका आकडा हवा असतो. ते या क्षणी वाढते आहे की घटते आहे हा प्रश्नच उद्भवत नाही. वेग हे उलट अखंड बदलणारे परिमाण आहे, आणि त्याच्या बाबतीत ‘किती’ या प्रश्नाइतकाच ‘कोणीकडे चालला आहे’ हा प्रश्न महत्त्वाचा असतो. सुरुवातीच्या कारागिरांनी याची चर्चा केली असो वा नसो, एका पेटीत दोन चिन्हे ठेवून त्यांनी दोन प्रश्न वेगळे केले होते.

तबकडीला आणखी एक गुण असतो : तिला कडा असते. तीवर केवळ आजचा वेग दिसत नाही, शक्य असलेले सर्व वेग एकाच वेळी मांडलेले दिसतात. या गुणाची राजकीय जाणीव अमेरिकेत झाली. तेलटंचाईमुळे १९७४ मध्ये तेथे देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा लागू झाली. त्यापुढे १९७९ पासून नव्या मोटारींच्या वेगमापकावरील मोजपट्टी ८५ मैलांवर संपावी आणि ५५ चा आकडा उठून दिसावा असा संघराज्याचा नियम अमलात आला. थोड्याच वर्षांत तो मागे घेण्यात आला, परंतु त्याच्या मुळाशी असलेली समजूत चिन्हविचाराच्या दृष्टीने मोलाची आहे. तबकडीचा शेवट हेही एक विधान असते, आणि १२० पर्यंत आखलेली तबकडी चालकाला एक प्रकारचे आमंत्रण देते, हे त्यात गृहीत धरले होते. नुसत्या आकड्याला अशी कडा नसते. तो ५५ दाखवितो तेव्हा त्याच्या पुढे वा मागे काही दिसत नाही.

कोणते दर्शक अधिक अचूक वाचले जाते याचे प्रायोगिक संशोधन मोटारीपेक्षा विमानाच्या क्षेत्रात आधी झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी १९४७ मध्ये उपकरणे वाचण्यातील वैमानिकांच्या चुकांच्या २७० हकीकतींचे विश्लेषण केले. वैमानिकाची चूक म्हणून ज्यांची नोंद होते त्यांतील अनेक चुका उपकरणाच्या रचनेतच दडलेल्या असतात, असा त्याचा मथितार्थ होता. १९४८ मध्ये रॉबर्ट स्लाइट याने पाच आकारांच्या दर्शकांची तुलना केली. त्यात उभ्या पट्टीच्या वाचनात ३५.५ टक्के, आडव्या पट्टीच्या २७.५, अर्धवर्तुळाच्या १६.६ आणि पूर्ण वर्तुळाच्या १०.९ टक्के चुका झाल्या. परंतु जेथे काटा स्थिर आणि मोजपट्टी लहान खिडकीमागे सरकती होती, तेथे हे प्रमाण अवघे ०.५ टक्का होते. दृष्टीला शोधावे लागले नाही की चूक घटते, असा याचा अर्थ. १९४९ मध्ये वॉल्टर ग्रेदर याने उंचीमापकांचा अभ्यास केला, तेव्हा तीन काट्यांची तबकडी घातकपणे चुकीची वाचली जाते, आणि सरळ आकडा दाखविणारे दर्शक जलद व बिनचूक वाचले जाते, असे आढळले.

या निष्कर्षांवरून आकडाच श्रेष्ठ असे कोणी म्हणेल. पण प्रयोगात विचारलेला प्रश्न ध्यानी घ्यावयास हवा : ‘या क्षणी वाचन किती?’ प्रश्नच संख्येचा असल्यावर संख्येने दिलेले उत्तर सरस ठरणे स्वाभाविक आहे. उंची झपाट्याने घटते आहे काय, हे जेव्हा विचारावयाचे असते, तेव्हा धावत्या अंकांपेक्षा सरकणारा काटा अधिक बोलका ठरतो.

४

मोटारीत वेगाचा आकडा प्रकाशमान होण्यास इलेक्ट्रॉनिक युग यावे लागले. १९७६ मध्ये लंडन येथील प्रदर्शनात मांडली गेलेली, विल्यम टाउन्स याने रेखाटलेली ॲस्टन मार्टिन लगोंडा ही या बाबतीत अग्रेसर मानली जाते. तिच्यातील दर्शके लाल प्रकाश देणाऱ्या डायोडची होती. प्रत्यक्षात ती ग्राहकांच्या हाती पडण्यास १९७९ साल आले, आणि पुढे तिच्यातील अंक दाखविण्याचे तंत्रही बदलत गेले. १९७८ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक सेव्हिलमध्ये जादा किंमत देऊन अंकीय दर्शके मिळू लागली. १९८१ ची टोयोटा सोअरर, १९८३ ची ब्रिटिश मायस्ट्रो, १९८४ ची शेव्हरोले कॉर्व्हेट ही याच लाटेतील नावे. मायस्ट्रोच्या काही प्रकारांत तर अंकांच्या जोडीला यंत्राचा मानवी आवाजही होता. मनगटावरील घड्याळ आणि खिशातील गणकयंत्र यांनी त्याच दशकात अंकाला आधुनिकतेची प्रतिष्ठा मिळवून दिली होती. मोटारींनी ती उसनी घेतली.

ही लाट लवकरच ओसरली. प्रखर उन्हात अंक फिके दिसत. वेग वाढू लागला की एकम स्थानचा अंक इतक्या त्वरेने पालटे की त्याचे वाचन होत नसे, केवळ चमक जाणवे. मर्यादा ५० ची असता काटा खुणेच्या अलीकडे आहे की पलीकडे हे नजरेच्या कडेनेही कळते. ४७ हा आकडा मात्र वाचावा लागतो, आणि मग मनात वजाबाकी करावी लागते. एकाच तबकडीवर मैल व किलोमीटर या दोन्ही मोजपट्ट्या शेजारी आखता येतात. आकड्याला एका वेळी एकच एकक बोलता येते; कॉर्व्हेटमध्ये त्यासाठी एकक बदलण्याची कळ द्यावी लागली.

माघार कशी झाली हे पाहण्यासारखे आहे. १९९० च्या कॉर्व्हेटमध्ये इंजिनाचे फेरे व इतर मापे पुन्हा काट्यांकडे गेली. वेग मात्र आकड्यातच राहिला. हीच वाटणी २००६ मध्ये भारतात आलेल्या होंडा सिव्हिकमध्ये आढळते : वर वेगाचा आकडा, खाली इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा. इंजिनाच्या फेऱ्यांचा नेमका आकडा कोणालाही नको असतो. ते लाल पट्ट्याच्या किती जवळ गेले एवढेच पाहावयाचे असते. तेथे काट्याला पर्याय नाही. वेगाच्या बाबतीत मात्र मध्यंतरी प्रश्न पालटला होता.

५

तो पालटविला कायद्याच्या नव्या डोळ्याने. घड्याळ हातात घेतलेला पोलीस अंदाजाला काही जागा ठेवी. रडार आणि कॅमेरा आकड्यात पाहतात व आकड्यातच नोंद करतात. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ मध्ये कॅमेऱ्यांवर आधारलेली वाहतूक-नियंत्रण यंत्रणा सुरू झाली; तेथील चालकाला ‘साधारण शंभर’ हे उत्तर पुरत नाही. ज्याला आकड्यात जाब द्यावयाचा आहे तो आपला वेगही आकड्यातच पाहू इच्छितो. काट्याच्या तबकडीत अथवा काचेवर उमटणाऱ्या प्रतिबिंबात वेगाचा आकडा पुन्हा स्थिर होण्यास तांत्रिक सुधारणांइतकेच हेही कारण झाले असावे, असे वाटते.

येथे एका सार्वत्रिक भ्रमाचा निरास केला पाहिजे. आकडा काट्यापेक्षा अधिक खरा असतो, अशी समजूत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार वेगमापकाने दाखविलेला वेग खऱ्या वेगाहून कमी असता कामा नये. अधिक मात्र असू शकतो, आणि तो किती, तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर इतका. म्हणजे खरा वेग १०० असता दर्शकाने ११४ दाखविले तरी ते नियमात बसते. टायर झिजून त्याचा परीघ घटला की दर्शकाचे वाचन आणखी चढते. काटा आणि आकडा या दोघांनाही माहिती पुरविणारा स्रोत एकच असल्याने दोघेही सारखेच चुकतात. फरक इतकाच की काटा ‘शंभरच्या जरा पुढे’ असे सांगतो तेव्हा आपल्या अनिश्चिततेची कबुली देतो. १०३ हा आकडा तीच अनिश्चितता झाकतो. सूक्ष्मता म्हणजे सत्यता नव्हे, हा मापनशास्त्रातील जुना धडा येथे पुन्हा गिरवावा लागतो.

६

मराठी भाषेचा पुरावा या संदर्भात उद्बोधक आहे. ‘काटा’ हा ‘कंटक’ या संस्कृत शब्दापासून आलेला. बोचणाऱ्या वस्तूवरून तो तराजूच्या मध्यावरील सुईकडे, तेथून खुद्द तराजूकडे, आणि घड्याळाच्या व वेगमापकाच्या दर्शकाकडे गेला. ‘काटेतोल’ आणि ‘काटेकोर’ हे बिनचूकपणाचे वाचक शब्द मराठीने या काट्यावरूनच घडविले. ज्या भाषेने अचूकतेची कल्पना काट्याच्या टोकावर तोलली, तिच्याच भाषकांना आज काटा ढोबळ आणि आकडा नेमका वाटतो, ही अर्थपरिवर्तनाची मोठी मनोज्ञ घटना होय. ‘आकडा’ या शब्दाच्या मुळाशी असलेला ‘अंक’ शब्दही प्रथम आकड्यासारखा वाक, खूण अशा दृश्य वस्तूंचा वाचक होता. संख्येचा अर्थ त्यावर पुढे चढला.

संख्यावाचकांची रचना पाहिली तर भाषा केवळ अंकीय नाही हे ध्यानात येते. दर्शकावर ५९ उमटते तेव्हा मराठी चालक त्याचे वाचन ‘एकोणसाठ’ असे करतो. म्हणजे साठाला एक उणे. चिन्हात साठाचा मागमूस नसताना शब्द साठाकडे बोट दाखवितो आणि त्यापासूनचे अंतर सांगतो. हे कार्य तबकडीवरील काट्याचे आहे. ‘सव्वा’, ‘साडे’, ‘पावणे’ हे शब्दही असेच. ‘पावणेदहा’ म्हणणारा मनुष्य दहाच्या खुणेकडे सरकणारा काटा पाहत असतो. अंकीय घड्याळ वाचणाऱ्याच्या तोंडी ‘नऊ पंचेचाळीस’ हे रूपही आता सहज ऐकू येते. ‘साठसत्तरच्या दरम्यान’, ‘ऐंशीच्या आसपास’, ‘शंभरी गाठली’ हे वेगाविषयीचे रूढ प्रयोग एखाद्या बिंदूचे नाव न घेता, रेषेवरील स्थान व दिशा सांगतात. भाषा विचाराला बांधून टाकते असा कोणताही मोठा सिद्धान्त यावरून मांडावयाचा नाही. संख्या बोलतानाही मनुष्य तिला शेजार शोधून देतो, आणि आकडा तो शेजार पुसून टाकतो, एवढेच निरीक्षण पुरेसे आहे.

७

इतिहासाचा अखेरचा टप्पा सर्वांत विलक्षण आहे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत केबल गेली. चाकाच्या वा गिअरपेटीच्या गतीचे स्पंद मोजून संगणक वेगाची संख्या ठरवू लागला, आणि लहानशी विद्युत् मोटर त्या संख्येनुसार काटा फिरवू लागली. याचा अर्थ असा की काटा दिसतो तसाच राहिला, पण तो आता आकड्याचे भाषांतर झाला. २०१४ च्या ऑडी टीटीमध्ये १२.३ इंचांच्या पडद्यावर सारी दर्शके चित्ररूपाने अवतरली. तेथे काटाही नाही, काट्याचे चित्र आहे. २०१७ च्या टेस्ला मॉडेल ३ मध्ये चालकासमोरील दर्शके पूर्णपणे काढून मध्यवर्ती पडद्याच्या कोपऱ्यात वेगाचा आकडा तेवढा ठेवला गेला. पर्सच्या परिभाषेत सांगावयाचे तर काट्यातील कार्यकारणाचा प्रत्यक्ष धागा तुटला आणि सादृश्य मागे उरले. मृत रूपकाचे भाषेत जे होते तेच येथे झाले. तरीही काट्याचे चित्र चितारण्याची गरज पडद्याला भासते, हीच त्याच्या उपयुक्ततेची साक्ष आहे.

याच सुमारास वाचकाची जागाही डळमळू लागली. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत वेग ८० च्या वर जाताच अधूनमधून, आणि १२० च्या वर जाताच अखंड वाजणारी सूचना सक्तीची झाली. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींत रस्त्याची वेगमर्यादा स्वतः ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रणा आवश्यक ठरली. येथे यंत्रच आकडा वाचते, यंत्रच त्याची मर्यादेशी तुलना करते, आणि चालकाला केवळ निकाल कळविते. अपघात टाळण्याच्या दृष्टीने या योजनांचे मोल वादातीत असेल. पण वेग जोखण्याची जी क्षमता चालकाने काट्याच्या सहवासात मिळविली होती तिचे काय होणार, हा प्रश्न त्यांनी उभा केला आहे.

सारांश, काटा की आकडा हा वाद अभिरुचीचा नाही आणि युगाचाही नाही. ‘किती’ असे विचारले तर आकडा उत्तर देतो. ‘कोठे, कशाच्या जवळ आणि कोणीकडे’ असे विचारले तर काटा. आरंभीच्या कारागिरांनी दोघांना एका पेटीत ठेवले होते आणि आजच्या पडद्यावरही ते बहुधा एकत्रच असतात. मधल्या काळात एकाने दुसऱ्याची जागा घेण्याचे जे प्रयत्न झाले ते टिकले नाहीत. उतारावर चढत जाणारा वेग चालकाला आधी जाणवावा लागतो आणि मग मोजता यावा लागतो. या क्रमातील पहिली पायरी ज्या दर्शकाने गाळली, ते कितीही बिनचूक असले तरी अपुरे म्हटले पाहिजे.